रेडमंडला राहून केंटचं अ‍ॅनिमल शेल्टर वापरलं, वर्षभरानंतरचा अनुभव

अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या पूर्वेला, म्हणजे रेडमंड, बेलव्ह्यू, सॅमामिशकडे आपली मराठी मंडळी भरपूर आहेत आणि हल्ली बऱ्याच घरांत कुत्रं नाहीतर मांजर आलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आम्ही गेल्या वर्षी सिअ‍ॅटलच्या दक्षिणेला असलेल्या केंट शहरातल्या शेल्टरमधून (हरवलेली, बेवारस जनावरं ठेवतात ती जागा) एक मिक्स ब्रीड कुत्री आणली, रंगावरून नाव ठेवलं खारी. नसबंदी, लसी, मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप) सगळं तिथेच झालेलं होतं.

आधी सिस्टिम सांगते कारण बऱ्याच जणांना ती माहितीच नसते. रेडमंड शहराचं स्वतःचं शेल्टर नाहीये. किंग काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं धरा) २०१० साली रिजनल अ‍ॅनिमल सर्व्हिसेस सुरू केली आणि पंचवीसेक शहरं करार करून त्यात आली. शेल्टर एकच, केंटला, फिरणारे ऑफिसर काउंटीचे, कुत्र्यामांजरांचं लायसन्सही काउंटीचं, आणि खर्च शहरं वाटून घेतात, तोही नुसता लोकसंख्येवर नाही तर त्या शहरातून किती जनावरं आणि किती कॉल आले तेही बघून. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शहरातल्या लोकांनी भरलेली लायसन्सची फी त्या शहराच्या हिशेबात जमा धरतात, म्हणजे जितके जास्त लोक लायसन्स काढतील तितका शहराचा बोजा कमी.

तर हे लायसन्स. आम्ही काढलं तेव्हा फी होती नसबंदी झालेली असेल तर वर्षाला ३० डॉलर, नसेल तर ६०. आठ आठवड्यांच्या वरचं प्रत्येक कुत्रं आणि मांजरसुद्धा यात येतं, मांजर घरातच असतं म्हणून सूट नाही. आमच्या ओळखीत निम्म्या लोकांनी काढलेलंच नाही, मायक्रोचिप आहे ना मग कशाला म्हणतात. पण चिप वाचायला स्कॅनर लागतो, तो रस्त्यावरच्या माणसाकडे नसतो, लायसन्सबरोबर मिळणाऱ्या गळ्यातल्या बिल्ल्यावरचा नंबर मात्र कोणीही वाचून फोन लावू शकतं.

हे मी इतकं जोर देऊन सांगतेय त्याला कारण ४ जुलैची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची रात्र. दुपारी कुंपणाचं काम करायला आलेल्या माणसांनी मागचं फाटक नुसतं लोटून ठेवलं, संध्याकाळी फटाके सुरू झाले आणि खारी गेली. रात्रभर आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या, मुलगी रडून रडून झोपली. ती लेक सॅमामिशच्या काठाने जाणाऱ्या ट्रेलवरून सरळ दक्षिणेला पळत सुटली असणार कारण सकाळी सापडली ती सॅमामिशच्या हद्दीत, ट्रेलवर चालायला आलेल्या एका बाईंना. त्यांनी बिल्ल्यावरच्या नंबरवर फोन केला आणि थोड्या वेळाने ऑफिसर तिला घेऊन आमच्या दारात! लायसन्स असेल तर पहिल्यांदा सापडल्यावर शेल्टरला न नेता थेट घरी आणून सोडतात, फुकट. व्हॅनमध्ये खारी अगदी मागच्या कोपऱ्याला चिकटून बसली होती, पंजे चिखलाने माखलेले, बाहेर यायला तयार नाही. ऑफिसरने ओढलं नाही, पट्ट्याला हात पण लावला नाही, दार उघडं ठेवून बाजूला झाली आणि म्हणाली तुम्ही हाक मारा. मी खाली बसून म्हटलं, "खारे, ये गं माझी बाई", तशी सरपटत सरपटत आली आणि थेट मांडीत तोंड खुपसलं. त्या ऑफिसरचे आभार किती मानावेत कळेना.

आता विचार करा, शहर बदललं तरी व्यवस्था तीच होती म्हणून हे इतकं सरळ झालं. हरवलेल्या कुत्र्याला हद्द कुठे कळते. कर्कलंड आमच्या अगदी शेजारी, पण त्यांनी २०१८ मध्ये काउंटीच्या ह्या व्यवस्थेतून बाहेर पडून स्वतःची सोय केली, सिअ‍ॅटल शहराचं तर शेल्टर आणि लायसन्स पहिल्यापासून वेगळंच, त्यामुळे तिकडून इकडे राहायला आलात तर लायसन्स नवं काढायचं हे लक्षात ठेवा. आणखी एक गोंधळ म्हणजे बेलव्ह्यूचं सिअ‍ॅटल ह्यूमेन, ती खासगी संस्था आहे, दत्तक घ्यायला चांगली, पण हरवलेलं जनावर शोधायचं तर आधी काउंटीकडे बघायचं.

ह्या भागीदारीत मला एकच गोष्ट मनापासून सुधारावीशी वाटते ती म्हणजे अंतर. रेडमंडहून केंट जवळपास ४० किलोमीटर, ४०५ हायवेवर ट्रॅफिक लागला की तास सहज जातो. ज्यांच्याकडे गाडी नाही किंवा दिवसभर ड्युटी असते त्यांनी आपलं मांजर तिथे आहे का बघायला रोज कसं जायचं? एकेका शहराने शेल्टर बांधणं परवडणारं नाही हे पटतं मला, पण ईस्टसाइडच्या, म्हणजे आपल्या ह्या पूर्वेकडच्या शहरांनी मिळून सापडलेली जनावरं एखाददोन दिवस ठेवता येतील एवढी छोटी जागा इकडे करायला हवी. पुढचा करार सिटी काउन्सिलपुढे येईल तेव्हा मी हे बोलायला जाणार आहे, रेडमंड आणि सॅमामिशवाल्यांनी कोणी बरोबर यायचं असेल तर जरूर या, आणि तोवर निदान लायसन्स तरी काढून ठेवा.