पर्यावरणाच्या वाचनातून इंग्रजी व्याकरण : वर्षभराच्या सरावानंतर

मी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. शाळा मराठी माध्यमाची, बीएस्सी इंग्रजीतून. अशा शिक्षणात शब्द भरपूर मिळतात. टर्बिडिटी, कोअ‍ॅग्युलेशन, रेसिड्युअल क्लोरीन हे तोंडात बसलेलं असतं, पण या शब्दांना धरून ठेवणारं वाक्य लिहायचं म्हटलं की वेळ लागतो. व्याकरणाच्या पुस्तकातल्या गाळलेल्या जागा भरून त्यात फारसा फरक पडत नाही, कारण तिथली वाक्यं एकमेकांशी संबंध नसलेली असतात. एका वाक्यात कोणीतरी लंडनला जातो, पुढच्यात कोणाची तरी छत्री हरवते.

म्हणून गेल्या पावसाळ्यापासून सगळा सराव एकाच विषयाला बांधला. वाचायचं ते पर्यावरणाचं, आणि व्याकरण शिकायचं ते त्याच मजकुरातून. सोबत माझी अकरावीतली भाची होती. आता वर्ष होत आलंय आणि ऑफिसमधले दोघं-तिघं "नक्की काय करता?" म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. आधीच सांगते, वाचन आणि अहवाललेखन यांसाठी ही पद्धत मला फार उपयोगी वाटली. बोलण्यासाठी मात्र तिच्या भरवशावर राहू नये.

सुरुवात नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरीपासून केली. उपग्रहाचं एक चित्र आणि खाली थोडे परिच्छेद, एवढंच असतं, त्यामुळे दमछाक होत नाही. पहिला लेख मुद्दाम ओळखीच्या जागेचा घेतला. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, त्यावरचा. काय घडलं ते आपल्याला आधीच माहीत असतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचं सांगितलं होतं. माहिती हाताशी असली की सगळं लक्ष वाक्यरचनेकडे देता येतं, आणि नवशिक्यासाठी हे फार मोलाचं आहे. आपल्या गावाजवळची नदी, धरण, अभयारण्य यांच्यावर इंग्रजीत काही लिहिलेलं सापडलं तर तिथूनच सुरू करा.

लोणारवर वाचतानाच एक रचना पक्की झाली : 'इज थॉट टु हॅव फॉर्म्ड'. या विवराचं वय आधी साधारण ५० हजार वर्षं धरलं जायचं, नंतर आर्गॉन पद्धतीने केलेल्या मापनात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. म्हणजे वयाबद्दल लिहिणाऱ्याला 'तयार झालं' असं ठाम म्हणता येत नाही, 'तयार झालं असावं असं मानतात' हे सगळं एका क्रियापदाच्या जोडणीत बसवावं लागतं. विवर उल्केच्या आघाताने झालंय याबद्दल मात्र शंका नाही, म्हणून तिथे साधा भूतकाळ. एकाच परिच्छेदात दोन क्रियापदं वेगवेगळी का, याचं उत्तर विज्ञानातच मिळतं. असं उत्तर मिळालं की नियम पाठ करायची गरज उरत नाही.

काळांच्या बाबतीत सर्वांत जास्त शिकवलं ते ओझोनच्या गोष्टीने. अंटार्क्टिकावरचा ओझोन विरळ होतोय हे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या तीन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये मांडलं. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. ओझोन नष्ट करणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत गेला. थर आता भरून येतोय, आणि अंटार्क्टिकावर तो १९८० च्या पातळीला २०६६ च्या सुमारास पोचेल असा अंदाज आहे. या एका विषयात साधा भूतकाळ, पूर्ण वर्तमानकाळ, चालू वर्तमानकाळ आणि भविष्यकाळ सगळे येतात, आणि प्रत्येकाला आपापलं काम असतं. 'वॉज रिपोर्टेड इन १९८५', कारण वर्ष दिलंय आणि ती घटना संपली. 'हॅज बिगन टु रिकव्हर', कारण ते अजून सुरू आहे. मराठीत आपण "काल तो आलाय" सहज म्हणतो. कालची गोष्ट आणि 'आहे' एकत्र नांदतात. इंग्रजीत 'हॅज'च्या वाक्यात 'यस्टरडे' किंवा '१९८५' चालत नाही. वर्गात हा नियम कितीदा तरी ऐकलेला होता. ओझोनवरचे तीन-चार लेख लागोपाठ वाचल्यावर तो कानाला बसला. आता चुकीचं वाक्य दिसलं की खटकतं.

याच विषयावरून एक सावधगिरी सांगते. इंग्रजी शिकवण्यासाठी तयार केलेल्या 'पर्यावरण' या सदराखालच्या बऱ्याच वर्कशीटमध्ये विज्ञान कच्चं असतं. एका ठिकाणी ओझोनच्या भोकातून ऊन आत येतं म्हणून पृथ्वी तापते, असंच छापलं होतं. पृथ्वी तापते ती कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांसारखे वायू उष्णता अडवून ठेवतात म्हणून. ओझोनच्या थराचं काम अतिनील किरण अडवण्याचं आहे. व्याकरण नीट आणि माहिती चुकीची असा मजकूर मुलांच्या हातात देऊ नये. त्यापेक्षा मूळ संस्थेचा थोडा अवघड मजकूर सावकाश वाचलेला बरा.

आता शब्दयोगी भागाकडे येते, म्हणजे बाय, टू, फ्रॉम, इन यांच्याकडे. माझ्या कामात यांचं महत्त्व फार आहे. पावसाळ्यात कच्चं पाणी गढूळ येतं, तेव्हा तुरटीचा डोस ठरवायला आम्ही जार टेस्ट घेतो. सहा बीकर, प्रत्येकात वेगळा डोस, आधी जोरात ढवळणं, मग हळू, मग निवळू देणं. समजा, सुरुवातीला टर्बिडिटी, म्हणजे गढूळपणा, ५० एनटीयू होती (एनटीयू हे गढूळपणा मोजायचं एकक). 'रिड्यूस्ड बाय १० एनटीयू' लिहिलं तर पाणी ४० वर आहे, 'रिड्यूस्ड टू १० एनटीयू' लिहिलं तर १० वर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टर्बिडिटीची स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालते. दोन अक्षरांच्या त्या शब्दावर पुढचा सगळा निर्णय अवलंबून आहे. हवामानबदलाच्या वाचनात हा सराव आपोआप होतो, कारण तिथे प्रत्येक पानावर काही ना काही वाढतंय किंवा घटतंय. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये मोजमाप सुरू झालं तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण ३१५ भाग होता, आता तो ४२० च्या वर गेलाय. 'रोझ फ्रॉम ३१५ टू ओव्हर ४२०' आणि 'रोझ बाय मोअर दॅन १००' ही दोन्ही वाक्यं स्वतः बनवून, बाजूला आलेख ठेवून तपासायची. आलेख समोर असला की उत्तर बरोबर की चूक ते कोणाला विचारावं लागत नाही.

आलेखांसाठी अवर वर्ल्ड इन डेटा हे संकेतस्थळ फार आवडलं. तुलनेची वाक्यं शिकायला याहून चांगली जागा मला सापडली नाही. कार्बन डायऑक्साइडच्या वार्षिक एकूण उत्सर्जनात भारत जगात तिसरा आहे, पण माणशी हिशेब केला तर सुमारे २ टन, आणि जगाची सरासरी ४.७ टनांच्या आसपास. हे दोन्ही एका वाक्यात सांगायचं तर 'मोअर दॅन', 'लेस दॅन हाफ', 'व्हेअरअ‍ॅज', 'पर पर्सन' हे सगळं जागेवर यावं लागतं. एक आलेख घ्यायचा, खालचा मजकूर झाकायचा, आपली चार वाक्यं लिहायची, मग झाकलेलं उघडून ताडून पाहायचं. मी आजही हेच करते.

भाचीचा आवडता विषय गिधाडं. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्याने कमी झाली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली, आणि गिधाडांना सुरक्षित असलेलं मेलॉक्सिकॅम पर्याय म्हणून पुढे आलं. कार्यकारणाची वाक्यं शिकायला हा उत्तम मजकूर आहे. एका संध्याकाळी ती पेन्सिल घेऊन बाण काढत बसली होती. "मावशी, रिझल्टेड इन असेल तर बाण पुढे जातो, रिझल्टेड फ्रॉम असेल तर मागे फिरतो. बरोबर ना?" मग तिने 'लेड टू', 'ड्यू टू', 'कॉज्ड बाय', 'अकाउंट्स फॉर' अशा सगळ्या जोड्यांना बाण काढले. ती वही आता माझ्याच टेबलावर असते. नीटच्या इकॉलॉजीच्या प्रश्नांत हेच शब्द फिरून फिरून येतात, त्यामुळे तिला दुहेरी फायदा झाला.

लांबलचक नामांच्या माळा हा बऱ्याच जणांना त्रास देणारा भाग. 'सी सरफेस टेंपरेचर अनॉमली', 'सिवेज ट्रीटमेंट प्लांट एफ्लुएंट स्टँडर्ड्स'. आपल्याला समास माहीत आहेत, त्यामुळे हे खरं तर सोपं जावं. तत्पुरुषासारखं शेवटचं पद प्रधान धरायचं आणि मागे मागे जायचं. मानकं, कशाची? बाहेर सोडलेल्या पाण्याची. कुठल्या? सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या. शाळेत घोटलेलं मराठी व्याकरण इथे थेट कामी येतं.

उपपदांना, म्हणजे अ, अ‍ॅन आणि द यांना, मी सर्वांत जास्त वेळ दिला आणि तिथे प्रगती सर्वांत हळू झाली. मराठीत तसं काही नाही, त्यामुळे डोळा त्यांच्यावरून घसरत जातो. छापील पानावर प्रत्येक 'द'ला गोल करून, तो कुठल्या आधीच्या उल्लेखाकडे बोट दाखवतोय हे शोधायचं, हा उपाय चांगला आहे पण कंटाळवाणा आहे. मोजता न येणाऱ्या नामांचा मात्र लगेच फायदा झाला. रिसर्च, इक्विपमेंट, एव्हिडन्स, इन्फर्मेशन यांना 's' लागत नाही हे रोज वाचनात दिसतं, आणि सरकारी पत्रव्यवहारात 'इक्विपमेंट्स' सर्रास दिसतं.

सहा महिन्यांनंतर आयपीसीसीकडे, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या अहवालांकडे वळलो. त्यांचा धोरणकर्त्यांसाठीचा सारांश घट्ट असतो, एकेका वाक्यात चार-चार अटी. म्हणून आधी त्याच अहवालांसोबत येणारी नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं वाचावीत, ती बरीच सोपी आहेत. इथली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे शक्यता सांगणारे शब्द आकड्यांना बांधलेले आहेत. 'लाइकली' म्हणजे ६६ ते १०० टक्के, 'व्हेरी लाइकली' ९० ते १००, 'व्हर्च्युअली सर्टन' ९९ ते १००, आणि 'अनलाइकली' ० ते ३३. मे, माइट, कुड, लाइकली यांतला फरक पुस्तकात नेहमी धूसर वाटायचा. इथे निदान 'लाइकली'च्या पायऱ्या तरी आकड्यांत दिसतात. २०२१ च्या अहवालात माणसामुळे पृथ्वी तापली हे 'अनइक्विव्होकल' (निःसंदिग्ध) म्हटलंय, म्हणजे शक्यतेची भाषाच तिथे संपली. एवढी काटेकोर भाषा वाचायची सवय लागली की वर्तमानपत्रातल्या सैल मथळ्यांकडेही आपण वेगळ्या नजरेने पाहतो.

कायद्याची भाषा शेवटी घेतली. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचं कलम ७ घ्या. 'नो पर्सन' असा नकार कर्त्यातच बसवलाय, बऱ्याच अंतरावर 'शॅल डिस्चार्ज' येतं, आणि शेवटी 'सच स्टँडर्ड्स अ‍ॅज मे बी प्रिस्क्राइब्ड'. आपल्याकडे नकार क्रियापदाजवळ, वाक्याच्या शेवटी येतो, म्हणून पहिल्या वाचनात हे वाक्य हातातून निसटतं. 'शॅल' बंधन घालतो, तर 'मे' सरकारला मानकं ठरवण्याचा अधिकार देतो. कर्ता, क्रियापद, कर्म वेगवेगळ्या रंगांनी खुणावून हे एक वाक्य सोडवायला आमची अख्खी संध्याकाळ गेली, आणि ती सत्कारणी लागली. नोटिसा आणि परवान्यांच्या अटी याच भाषेत असतात.

कमी काय पडतं? या मजकुरात मी आणि तू जवळजवळ नसतात. प्रश्न विचारणं, विनंती करणं, फोनवर बोलणं यांचा सराव होत नाही. कर्मणी प्रयोग इतका अंगवळणी पडतो की साध्या पत्रातही 'इट वॉज ऑब्झर्व्ह्ड' येऊ लागतं. अहवालात ते शोभतं, पत्रात थंड वाटतं. त्यासाठी अधूनमधून वेगळं काहीतरी वाचायलाच हवं. ऐकण्याचा सराव वेगळा करावा लागतो. शिवाय लिहिलेलं तपासणारं कोणी नसेल तर उपपदांच्या चुका तशाच राहतात. आमच्या नशिबाने शेजारी एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्या दर रविवारी वह्या पाहतात. आणि विषय जड आहे. सतत हिमनद्या, दुष्काळ, जंगलतोड वाचून भाची मध्यंतरी खिन्न झाली होती, तेव्हा ओझोन आणि गिधाडांसारखे, माणसांनी काहीतरी करून दाखवलेले विषय मधे मधे घातले.

दहावीच्या आतल्या मुलांसाठी ही पद्धत मला योग्य वाटत नाही, त्यांना गोष्टीच हव्यात. विज्ञान शाखेची मुलं, स्पर्धा परीक्षा देणारे, आणि माझ्यासारखे पाणी, शेती, आरोग्य खात्यात इंग्रजी अहवाल लिहिणारे, यांनी जरूर करून पाहावी. खर्च जवळपास नाही. हे सगळं मोफत वाचता येतं. मी फक्त छापील प्रतींवर पैसे घालवले, कारण पेन्सिलीशिवाय हा अभ्यास होत नाही. सध्या आम्ही दोघी माधव गाडगीळ समितीच्या २०११ च्या पश्चिम घाट अहवालात आहोत. आपल्याच डोंगरांबद्दल आहे, पण इंग्रजी चांगलंच भारदस्त आहे, तेव्हा दिवसाला एक पान.