ब्रायटन की मार्गेट? आजी-आजोबा आणि लहान मूल बरोबर असताना

लंडनहून शनिवार-रविवारी समुद्रावर जायचं म्हटलं की आधी ब्रायटनचंच नाव निघतं. आम्हीही तिथेच गेलो. पुढच्या वर्षी आई-बाबा पुण्याहून पुन्हा आले, तेव्हा मार्गेटला गेलो. दोन्ही वेळा माणसं तीच होती: आई-बाबा, आम्ही दोघं आणि लेक.

ब्रायटनला बघण्यासारखं जास्त आहे, हे आधीच सांगतो. रॉयल पॅव्हिलियन या जुन्या राजवाड्याचे घुमट पाहून बाबा रस्त्यातच थांबले. पहिल्या महायुद्धात तिथे जखमी हिंदी सैनिकांचं रुग्णालय होतं, त्यांच्या धर्म-जातीप्रमाणे स्वयंपाकघरंसुद्धा वेगवेगळी होती, हे वाचल्यावर तर ते तिथून हलेनात. जे हिंदू आणि शीख सैनिक तिथे वारले, त्यांना गावाबाहेरच्या टेकड्यांवर अग्नी दिला. त्या जागी संगमरवरी छत्री आहे, १९२१ साली अनावरण झालेली. तिथे जायला शेवटी बरंच चालावं लागतं, म्हणून आमची ती राहिली. बाबांना अजून त्याची रुखरुख आहे. शाकाहारी जेवणाची ब्रायटनला चंगळ आहे, आणि लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनाहून गाडी तासाभरात पोहोचवते. मार्गेटला सेंट पँक्रसच्या वेगवान गाडीनंही साधारण दीड तास लागतो.

तरी घोडं अडलं ते किनाऱ्यावर. ब्रायटनचा किनारा गोट्यांचा आहे हे मला माहीत होतं. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाचा हात धरून त्यावर उतरेपर्यंत त्याचा अर्थ कळत नाही. गुळगुळीत गोटे, पाण्याकडे उतार, आणि पाऊल टाकलं की खालचा थर घसरतो. आईनं माझा दंड घट्ट धरून दहा-बारा पावलं टाकली. चप्पल दोनदा निसटली. मग म्हणाली, "राहू दे रे, मी इथूनच बघते." तिचं बालपण दापोलीकडचं. समुद्रावर जायचं म्हणजे घोटाभर पाण्यात अनवाणी उभं राहायचं आणि परतणारी लाट टाचेखालची वाळू ओढून नेते, तेव्हा तोल सावरायचा. ती दोन्ही दिवस वरच्या बाकावर बसून राहिली. लेकीचं नवं फावडं गोट्यांवर नुसतं खणखणत होतं.

मार्गेटला स्टेशनातून बाहेर पडलं की पाच मिनिटांत वाळू लागते, तीही बारीक, पिवळसर. लेकीनं दिवाळीत करतो तसा किल्ला केला, आजोबांनी बुरूज थापून दिले, खंदकात पाणी सोडलं. आईनं चपला माझ्या हातात दिल्या, साडी वर खोचली आणि एकटी पाण्याकडे चालू लागली. तासभर तिनं मागे वळून पाहिलं नाही.

मार्गेटलाही खोडी आहेत. ओहोटीला पाणी बरंच आत जातं, म्हणून भरतीच्या वेळा बघूनच दिवस आखा. उन्हाळ्यात कधी कधी किनाऱ्यावर शेवाळ साचतं, त्याचा वास येतो. पाऊस आला तर टर्नर कंटेम्पररी हे कलादालन किनाऱ्यालगतच आहे, प्रवेश मोफत. शिंपल्यांची भुयारी गुहाही बघा. १८३५ मध्ये ती सापडली, भिंतींवर सुमारे ४६ लाख शिंपले आहेत, आणि ते कुणी व कशासाठी बसवले हे आजवर कळलेलं नाही. लेक तिथून निघायला तयार नव्हती.

मुलं मोठी असतील, किंवा मित्रमंडळींबरोबर जाणार असाल, तर ब्रायटन कदाचित जास्त आवडेल. मी काही दोन्हीकडे दहा-दहा वेळा गेलेलो नाही. पण पाण्यात पाय बुडवायचे असतील, आणि बरोबर कुणाचे तरी गुडघे दुखत असतील, तर मी मार्गेटच सांगेन.

जूनमध्ये आई-बाबा पुन्हा येताहेत. मार्गेटला दोन रात्रींची खोली घेऊन ठेवली आहे. ब्रायटनला यावेळी फक्त एक दिवस, बाबांना छत्रीपर्यंत नेण्यासाठी.