छतावरचं सोलर की बिलातला हिरवा रुपया?

भाच्याने वाघोडिया रोडला नवं टेनामेंट (स्वतःचं छत असलेलं घर) घेतलंय. गणपतीत आरती आटोपल्यावर त्याने विचारलं, "मामा, सोलर बसवू की ते ग्रीन टॅरिफ घेऊ? तुम्ही तर दोन्ही केलंत." दोन्ही केलं हे खरं, पण समोर मोदकांचं ताट होतं आणि उत्तर लांबलचक. म्हणून आता सवडीने लिहितोय. त्याच्यासारखे पेचात पडलेले बडोद्यात आणखी असतीलच.

मांजलपूरच्या आमच्या टेनामेंटवर 2020 साली 3 किलोवॉटचं सोलर बसवलं. तेव्हा सूर्य गुजरात योजनेत 3 किलोवॉटपर्यंत 40 टक्के सबसिडी होती. 2023मध्ये माझ्या गुडघ्यांनी जिन्याशी अबोला धरला, तेव्हा आम्ही दोघं कारेलीबागेत लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये आलो आणि टेनामेंट मुलगा, सून, नातवंडांकडे राहिलं. फ्लॅटची अगाशी सोळा बिऱ्हाडांची. (गच्ची म्हणायला हवं, पण बडोद्यातल्या मराठी घरांतही अगाशीच म्हणतात.) सोळा बिऱ्हाडांचं एकमत लिफ्टच्या रंगावर होत नाही, तिथे पॅनेलचं काय बोलायचं! म्हणून तिथे ग्रीन टॅरिफ घेतलं.

सोलर, दिली-घेतली वीज मोजणारा नेट मीटर, इन्व्हर्टर हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून देतो. ग्रीन टॅरिफबद्दल मात्र मी ज्याला सांगितलं त्याने पहिल्यांदाच ऐकलं. प्रकार साधा आहे. नेहमीच्या दरावर युनिटमागे थोडे जास्त पैसे द्यायचे आणि वीज कंपनीने तुमच्या वापराएवढी वीज पवन, सौर अशा स्रोतांमधून घेतल्याचा हिशोब ठेवायचा. दर वीज नियामक आयोग ठरवतो. मी घेतलं तेव्हा युनिटमागे दीड रुपया होता, 2024-25 साली एक रुपया झाला, नंतर आणखी थोडा उतरला. हे मोठ्या कारखान्यांसाठी असतं असा समज आहे, पण घरगुती ग्राहकालाही मागता येतं. मी लेखी अर्ज घेऊन गेलो तेव्हा खिडकीतल्या बाईंनी दोनदा वाचला आणि विचारलं, "काका, पोतानी मरजीथी?" स्वतःच्या मर्जीने जास्त पैसे द्यायला आलेला माणूस त्यांनी बहुधा त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला.

आता पैशाचं. इथे तुलना करायचीच नसेल तर उत्तम, कारण सोलर सरळ जिंकतं. पीएम सूर्यघर योजनेत सध्या 3 किलोवॉटला 78,000 रुपये सबसिडी मिळते, उरलेले पैसे काही वर्षांत वसूल होतात आणि पुढे वीज जवळपास फुकट. ग्रीन टॅरिफमधून वसूल काहीच होत नाही. आमच्या फ्लॅटचा वर्षाचा वापर 1,800 युनिटच्या आसपास, म्हणजे युनिटला रुपया धरला तर 1,800 रुपये गेले ते गेले. नफ्यासाठी हे करायचं असेल तर भाच्याने इथेच वाचणं थांबवावं आणि सोलरवाल्याला फोन करावा.

धुराचा हिशोबही वरवर सोलरच्याच बाजूने आहे. आपल्या देशातल्या ग्रिडच्या विजेमागे युनिटला साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. 3 किलोवॉटचं सोलर वर्षाला चार हजारांवर युनिट देतं, म्हणजे जवळजवळ 3 टन वाचले. माझ्या फ्लॅटचे कागदावर सव्वा टन. शिवाय पॅनेल डोळ्यांनी दिसतं, त्यावर कबुतरं बसतात, ते धुवावं लागतं. ग्रीन टॅरिफची खूण म्हणजे बिलातली एक ओळ.

आणि त्या ओळीबद्दल मला स्वतःलाही शंका आहे, ती लपवत नाही. 2003च्या वीज कायद्याने आयोगाला असा अधिकार दिलाय की वितरण कंपनीने अमुक टक्के वीज अपारंपरिक स्रोतांतून घेतलीच पाहिजे, असं तो बंधन घालू शकतो. मग माझा जास्तीचा रुपया त्या सक्तीच्या वर काही करतो, की जे घ्यायचंच होतं त्यालाच हातभार लावतो? स्वेच्छेचा मामला असला की हा प्रश्न येतोच. एईएस या अमेरिकी वीज कंपनीने 1988 साली कनेक्टिकटमधल्या आपल्या कोळशाच्या केंद्राची भरपाई म्हणून ग्वाटेमालात 5 कोटी 20 लाख झाडं लावायला पैसे दिले. कुणाची सक्ती नव्हती. पण ग्वाटेमालातल्या शेतकऱ्याच्या बांधावरचं झाड जगलं की बकरीने खाल्लं, हे कनेक्टिकटमध्ये बसून कोण मोजणार? माझ्या ओळीचं तसंच आहे. इथे माझी बाजू लंगडी आहे, कबूल.

उत्तरायणाचंही, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचंही, सांगून टाकतो, कारण त्यावरूनच बडोद्यातले निम्मे लोक मागे फिरतात. 3 किलोवॉट म्हणजे तीनशे चौरस फूट अगाशी. 14 आणि 15 जानेवारीला ज्याची अगाशी मोठी त्याच्याकडे पाहुणे. आमच्याकडे आता पाहुणे टाकीच्या बाजूच्या पट्टीत उभे राहतात आणि हिचा जीव वरखाली होतो की कुणी फिरकी सांभाळताना मागे सरकून पॅनेलवर बसेल. उंच स्ट्रक्चर करून घेतलं तर खालची जागा सुटते, पण सावलीत उभं राहून पतंग कोण उडवणार? तरीही दोन दिवसांचा हा प्रश्न, यावरून निर्णय घेऊ नये.

माझा निर्णय फिरला तो दुसऱ्याच गोष्टीवरून.

सोलर बसवायच्या आधी टेनामेंटचा उन्हाळ्याचा दोन महिन्यांचा वापर 700 युनिटच्या घरात असायचा. एकच एसी, तो मुलाच्या खोलीत, रात्री अकराला लागायचा आणि दोनला टायमरवर बंद व्हायचा. आम्ही दोघं पंख्याखाली. सोलर बसवल्यावर पहिल्या उन्हाळ्यात बिल शून्य आलं. पेढे वाटायचे तेवढे राहिले. मुलाने बिलाचा फोटो काढून नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला, सुरतेपासून इंदूरपर्यंत अंगठे आले.

मग हळूहळू घराची भाषा बदलली. "बिल शून्य आहे ना" हे वाक्य आधी दिवाणखान्याच्या एसीच्या वेळी ऐकलं. पुढे टायमर गेला. मग गिझर मार्चपर्यंत चालू राहू लागला. मी एकदा म्हटलं, की अरे, उरलेली वीज जाते आहे ना ग्रिडला, जाऊ दे की. मुलगा हिशोबाचा पक्का. म्हणाला, "बाबा, उरलेल्या युनिटचे आपल्याला सव्वादोन रुपये मिळतात. सव्वादोनला विकण्यापेक्षा आपणच गार झोपलेलं काय वाईट?" याला उत्तर नव्हतं. दर खरंच 2 रुपये 25 पैसे होता, आणि बिलाच्या मुदतीत जे उरेल त्याचे तेवढेच मिळत होते. त्याचा तर्क चोख होता, त्यात चूक काढता येईना.

मी इन्व्हर्टरचा आणि नेट मीटरचा आकडा दर रविवारी डायरीत लिहायचो. जुनी सवय, दुधाच्या हिशोबाच्या वहीतच. तिसऱ्या उन्हाळ्यात दोन महिन्यांचा घराचा एकूण वापर 1,050 झाला. घरातली माणसं तेवढीच, उन्हाळा बडोद्याचा नेहमीचाच. याला मोजमाप म्हणू नका. एका घराची डायरी आहे, तुमच्याकडे कदाचित असं होणार नाही. पण मी ओळखीच्या चार-पाच सोलरवाल्यांना विचारलं आणि प्रत्येक जण आधी हसला.

वाढलेली 350 युनिटं सगळी रात्रीची होती, हे जास्त लागलं. पॅनेल दुपारी वीज देतं, तेव्हा ग्रिडवर सगळ्यांचाच सूर्य असतो. रात्री दहाला आमचे दोन एसी सुरू होतात तेव्हा सूर्य नसतो, तेव्हा महीकाठच्या वणाकबोरीसारखी कोळशाची केंद्रंच बराचसा भार उचलतात. नेट मीटर मात्र दुपारचं युनिट आणि रात्रीचं युनिट एकमेकांत वजा करून टाकतो. त्याच्या लेखी दोन्ही सारखी. पहिल्या उन्हाळ्यात आमचं बिल शून्य होतं, तेव्हाही वणाकबोरीचं धुराडं शून्य नव्हतं. याला इलाज बॅटरी. मोढेऱ्याला 2022 साली गावासाठी सौर प्रकल्पासोबत मोठी बॅटरीच बसवली, म्हणून ते रात्रीही सौर विजेवर चालतं म्हणता येतं. आपल्या टेनामेंटला ते परवडत नाही.

फ्लॅटमध्ये उलटं झालं. पहिल्या बिलात ती जास्तीची ओळ बघून हिने विचारलं, "हे कसले?" मी सांगितलं. "म्हणजे आपण प्रत्येक युनिटला वर दीड रुपया देतो? आणि वीज तीच?" तीच, म्हटलं. ती काही बोलली नाही. संध्याकाळी बघतो तर गॅलरीतला दिवा बंद, टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद, आणि गिझरच्या स्विचवर चिकटपट्टीने चिठ्ठी: "10 मिनिटे". पर्यावरणावर मी तिला चाळीस वर्षांत जे सांगू शकलो नाही ते दीड रुपयाने सांगितलं. एसी आम्ही लावतो, वयोमानाने लागतो, पण पहाटे तिला जाग आली की आधी तो बंद होतो.

वीज कंपनीने आपणहून धूर कमी करायचं मनावर घेतलं तरी तिच्या हातात मोजक्याच गोष्टी असतात. स्वच्छ वीज विकत घेणं, तारांमधली गळती थांबवणं आणि गिऱ्हाइकाला कमी वापरायला लावणं. तिसरी तिच्या धंद्याच्याच मुळावर येते, म्हणून सगळ्यात कमी होते. 2015पासून वीज कंपन्यांच्या काउंटरवर 9 वॉटचे एलईडी बल्ब स्वस्तात विकले गेले, ते याच खात्यातलं आणि मला वाटतं सगळ्यात कामाचं. ग्रीन टॅरिफ पहिल्या खात्यात मोडतं, पण आमच्या घरी त्याने तिसऱ्याचं काम केलं. सोलरने आमच्याकडे पहिलं केलं आणि तिसऱ्याचं थोडं वाटोळं केलं.

अमेरिकेत सॅक्रामेंटोच्या सार्वजनिक वीज संस्थेने 1993 साली केलेला प्रयोग मला म्हणूनच आवडतो. तिथल्या लोकांनी 1989मध्ये मतदान करून अणुवीज केंद्र बंद करायला लावलं होतं. मग संस्थेने लोकांना विचारलं, तुमच्या छपरावर आमची पॅनेलं लावू देता का? वीज आमची, ग्रिडला जाणार, आणि वर दरमहा थोडे डॉलर तुम्हीच जास्त द्यायचे. लोकांनी दिले! छप्पर त्यांचं, पैसे त्यांचे आणि शून्य बिल नाही. आपल्याकडे असं कुणी विचारलं तर त्याला सेव-उसळ खायला घालून परत पाठवतील.

तर भाच्या, तुझी अगाशी स्वतःची आहे, सबसिडी चालू आहे, ईएमआय डोक्यावर आहे. तू सोलरच बसवशील आणि त्यात मी तुला चूक म्हणणार नाही. फक्त 3 किलोवॉटऐवजी 2चं बसव. सोलरवाला म्हणेल, "साहेब, सबसिडी 78 हजारांवरून 60 हजारांवर येईल, बिल शून्य होणार नाही." होऊ देऊ नकोस. दोन महिन्यांतून एकदा चार-पाचशे रुपयांचं बिल घरात येऊ दे आणि ते सूनबाईंच्या हातात पडू दे. अगाशीवर पतंगापुरती जागाही उरेल.

पण तुझ्या आईचा अलकापुरीचा फ्लॅट आहे, त्याचं काय करायचं हे तू विचारलंच नाहीस. तिथे अगाशीचा प्रश्नच नाही. अर्ज एका पानाचा आहे, बिलाची मुदत सुरू व्हायच्या महिनाभर आधी द्यावा लागतो. माझ्याकडे त्याची झेरॉक्स आहे, नेऊन दे.

आमचं गेलं बिल 264 युनिटांचं आलं. हिने चष्मा लावून ती ओळ वाचली आणि म्हणाली, मागच्या वेळेपेक्षा बावीस कमी.