परिपाठाच्या ओळखीसाठी : विश्वकोश की विकिपीडिया?

परिपाठात रोज एखाद्या थोर व्यक्तीची नाहीतर गावाची आठ-दहा ओळींत ओळख करून द्यायची, हे काम ज्यांच्या गळ्यात पडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मोबाइलवर नाव टाकलं की बहुधा आधी मराठी विकिपीडिया येतो, जरा खाली मराठी विश्वकोश. दोन्ही फुकट. दोन्ही वापरून झाले आणि मी हळूहळू एका बाजूला झुकलो. तुमचं मत वेगळं पडू शकतं.

विश्वकोशातली खोट आधी सांगतो, कारण ती मोठी आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली काम सुरू झालं, पहिला खंड १९७६ला आला आणि विसावा पुरा व्हायला २०१५ उजाडलं. खंड अक्षरांच्या क्रमाने निघत गेले, त्यामुळे नोंदीचं वय अक्षरावर ठरतं. 'अ'चं गाव १९७१च्या जनगणनेत अडकलेलं, 'स'चं गाव कितीतरी पुढे आलेलं. उदगीर त्यात उस्मानाबाद जिल्ह्यात सापडतं. ते आता ज्या लातूर जिल्ह्यात आहे तो झाला १९८२ला, आणि आता तर उस्मानाबादचंही धाराशिव झालं. नोंद जशीच्या तशी वाचून दाखवली तर चौथीतली पोरंसुद्धा हसतील. 'त'चा खंड निघाला तेव्हा सचिन तेंडुलकर बालवाडीच्या वयाचा होता, म्हणजे त्या छापील खंडात तो असणं शक्यच नाही. हल्ली ज्ञानमंडळांमार्फत, म्हणजे एकेका विषयाच्या तज्ज्ञांच्या गटांमार्फत, नव्या नोंदी संकेतस्थळावर येतात, पण सगळं भरून निघालंय असं काही म्हणता येणार नाही.

विकिपीडिया इथे सरळ जिंकतो. जिल्हा बदलला, कुणाला पुरस्कार मिळाला, कुणी वारलं, की पान बदलतं.

आणि नेमकं तेच मला खटकायला लागलं. पान बदलतं, पण त्यातला कुठला भाग कधीचा ते वाचताना कळत नाही. लोकसंख्येचा आकडा असतो, वर्ष असेलच असं नाही. एखादी व्यक्ती अमुक पदावर 'आहे' असं लिहिलेलं असतं; ते लिहिलं कधी, देव जाणे. 'इतिहास पहा'वर गेलं तर कुणी काय बदललं ते दिसतं, हे मान्य, पण सकाळी प्रार्थना सुरू व्हायला पाच मिनिटं असताना ते कोण बघत बसणार? विश्वकोशात आकडा जुना असला तरी शेजारी कंसात जनगणनेचं वर्ष छापलेलं असतं. जुनं आहे हे कळतं, मग दुरुस्त करता येतं. बिनतारखेच्या माहितीत दुरुस्ती नेमकी कुठे करायची तेच कळत नाही. माझा कौल इथेच ठरला.

दिवंगत व्यक्तींच्या बाबतीत तर हा जुनेपणा आड येतच नाही. 'आगरकर, गोपाळ गणेश' असं आडनाव आधी, लगेच कंसात १४ जुलै १८५६ ते १७ जून १८९५. दिनविशेषाला आणखी काय हवं? टेंभूचा जन्म, 'केसरी'चं संपादकपद, १८८८ला 'सुधारक', फर्ग्युसनचं प्राचार्यपद एवढं उचललं की चिठ्ठी तयार. शिवाय नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. एखाद्या पालकाने विचारलंच की हे कुणी सांगितलं, तर बोट ठेवायला जागा आहे.

भाषा मात्र जड. एकेक वाक्य चार ओळींचं, मोठ्याने वाचताना दम लागतो. तोडून सोपं करावंच लागतं. ते टाळायचं असेल तर विश्वकोशाच्या वाटेला न गेलेलं बरं.

गावांचं जरा वेगळं. विकिपीडियावर कितीतरी खेड्यांच्या पानांवर एकाच साच्यातली वाक्यं दिसतात, फक्त तालुका बदललेला. तीर्थक्षेत्र असेल आणि वाचनालयात पं. महादेवशास्त्री जोशींच्या 'भारतीय संस्कृतिकोशा'चे दहा खंड असतील, तर मी आधी तिकडे वळतो. आख्यायिका आणि यात्रा-उत्सव यांत पोरांचा जीव रमतो.

खेळाडू किंवा हयात असलेलं कुणी असलं की मी निमूट विकिपीडियाच उघडतो आणि तळाचे संदर्भ उघडून बघतो. संदर्भच नसतील तर त्या दिवशी दुसरी व्यक्ती निवडतो.