नळ की बस? बेळगावात प्रोजेक्टचा विषय निवडताना

शेवटच्या सेमिस्टरला कुणी ना कुणी विचारतंच, "दादा, शहरातल्या विषमतेवर काहीतरी करायचंय, विषय कुठला घेऊ?" बोलणं फिरून फिरून दोन विषयांवर येतं: नळाचं पाणी आणि बायकांचा बसप्रवास. दोन्हींचे फॉर्म काखेत मारून मी उन्हात हिंडलोय, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

पाण्याचा विषय वजनदार आहे, यात वाद नाही. जागतिक बँकेच्या मदतीच्या योजनेतून 2008 च्या सुमारास बेळगावच्या 58 पैकी 10 वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं. उरलेल्या 48 वॉर्डांच्या नशिबी कित्येक वर्षं पाळीचं पाणी. राकसकोप आणि हिडकल या धरणांचंच पाणी, पण एकीकडे नळ सोडला की धार, दुसरीकडे दारात पिंप. तुलना आयतीच मिळाल्यासारखी वाटते आणि तिथंच पोरं फसतात. ते 10 वॉर्ड चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. फरक नळामुळे पडला की त्या वस्तीची आधीपासूनच ऐपत होती म्हणून, हे सांगायचं कसं? याच योजनेतल्या हुबळी-धारवाडमध्ये अमेरिकेच्या बर्कले विद्यापीठातल्या संशोधकांनी मिळत्याजुळत्या वस्त्यांच्या जोड्या लावून सुमारे 4,000 घरं तपासली. 2015 च्या त्यांच्या निष्कर्षांत लहान मुलांच्या एकूण जुलाबांत म्हणावा तसा फरक दिसला नाही. एवढ्या फौजफाट्याला जे सरळ दिसलं नाही, ते चार जणांना चार महिन्यांत दिसेल असं धरून चालू नका.

आमची चूक तर याहून साधी होती. वडगावात आम्ही सकाळी अकराला फिरायचो. बाया कामाला गेलेल्या, घरी आजोबा. "पाणी येतंय की, कवा येतंय ते सुनेला विचार," हे उत्तर इतक्यांदा मिळालं की शेवटी तो फॉर्म नव्हे, आजोबांचा सर्व्हे झाला. पाणी भरणारा माणूस संध्याकाळी सातनंतर भेटतो. तेव्हा कॉलेजच्या मुलींना घरून सोडतात का, तेही आधी बघा.

आता बस. इथं सीमा तुमच्यासाठी अर्धं काम करून ठेवते. महाराष्ट्रात 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. कर्नाटकात 11 जून 2023 पासून 'शक्ती' योजनेत साध्या बसला बायकांना तिकिटाचे पैसेच नाहीत. पण ही सवलत आपापल्या राज्याच्या हद्दीपुरती, आणि 'शक्ती'साठी कर्नाटकातल्या पत्त्याचा पुरावा लागतो. आपल्याकडे सोयरीक काही हद्द बघून होत नाही. महाराष्ट्रातल्या चंदगडची मुलगी इकडे बेळगावजवळच्या येळ्ळूरला दिली, संसाराला दहा वर्षं झाली, आधारवर पत्ता मात्र माहेरचाच. बसस्थानकावर मी अशीच एक बाई पाहिली. मांडीवर कोथिंबिरीचं गाठोडं. शेजारणीच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट, ही कनवटीची चिल्लर मोजतेय. कंडक्टर नियमाने बरोबर होता. ती मला म्हणाली, "काय लिहून घ्यायलायस रे, पत्ता बदलायला एक दिवसाचा रोज बुडतोय."

एका दिवसाच्या रोजगाराची किंमत, कागद आणि लग्न एकाच वाक्यात आले. धोरण कुठं अडतं हे दाखवायला याहून नेमका धागा मला तरी मिळाला नाही. शिवाय बाया स्टँडवर बसची वाट बघत असतात, त्यामुळे बोलायला वेळ असतो. खोट एकच: स्टँडवर भेटतात त्या प्रवास करणाऱ्याच. तिकिटाला पैसे नाहीत म्हणून चालत जाणारी किंवा घरीच राहणारी तिथं भेटत नाही. पाच-दहा जणी तरी वस्तीत जाऊन शोधाव्या लागतील.

कागदपत्रांचं म्हणाल तर पाण्यात ढीग, बसमध्ये कमी. दोन्हींत माहिती अधिकाराचा अर्ज लागतोच: 10 रुपये फी, उत्तराला 30 दिवस. कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांत. अर्ज मराठीत चालेल या भरवशावर राहू नका. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच आहे, म्हणजे इथं कन्नड. उत्तरही बहुधा कन्नडमध्येच येतं. गटात कन्नड सराईत वाचणारं कुणी नसेल तर पाण्याचा विषय घेऊच नका. टेंडरची फाईल अंदाजाने वाचता येत नाही.

फॉर्म मात्र दोन्ही भाषांत छापा. नुसता मराठी फॉर्म दिसला की समोरचा आधी "हे सीमाप्रश्नाचं आहे काय?" असं विचारतो आणि मग उत्तरं सावध येतात.

हातात वर्ष असेल, कन्नड येणारा साथीदार असेल आणि संध्याकाळी फिरता येत असेल, तर पाणी घ्या. एका सेमिस्टरमध्ये उरकायचं असेल तर बस, डोळे झाकून. फक्त बायांना आधारवर पत्ता कुठला आहे एवढंच विचारा. कार्डाचा फोटो काढू नका, नंबर लिहून घेऊ नका.