सायकलवर पिस्तूल बाळगताना : छातीवरच्या बॅगेचा काही महिन्यांचा अनुभव

टेक्साससारख्या राज्यात पिस्तूल बाळगण्याची कायद्याने मुभा आहे आणि ते लपवून ठेवण्यासाठी लागणारे होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची म्याने, दुकानांत हवे तितके मिळतात. मात्र त्यांतले बहुतेक सगळे पँट, पट्टा आणि ताठ उभा माणूस गृहीत धरून बनवलेले असतात. सायकलस्वाराकडे यांपैकी काहीच नसते. तो कमरेत वाकलेला असतो, त्याच्या अंगाला चिकटलेल्या बिब शॉर्ट्सना (खांद्यांवरून बंद येणाऱ्या तंग चड्डीला) कमरेचा पट्टा नसतो, मांड्या सतत वरखाली होत असतात आणि अंगातून घामाच्या धारा वाहत असतात. या अडचणीवर उपाय म्हणून गेले काही महिने मी छातीवर बांधायची एक बॅग वापरत आहे. हा अनुभव मुख्यतः तिचा आहे. अशाच विचारात असलेल्या अमेरिकेतील मराठी सायकलस्वारांना तो उपयोगी पडावा.

आधी कायद्याचे, कारण आपल्यातील बरेच जण एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर येथे राहतात. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा बिगर-स्थलांतरित व्हिसाधारकांना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास, बंदूक जवळ ठेवण्यासही मनाई आहे. राज्याने कितीही सैल नियम केले तरी ही मनाई सुटत नाही. ज्यांना अपवादाचा आधार घ्यावासा वाटतो त्यांनी आधी वकिलाकडे जावे, मित्रांच्या गटातील सल्ल्यावर विसंबू नये. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांची गोष्ट वेगळी आहे.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरील आणि अन्य कारणाने अपात्र नसलेल्या व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते. तरीही मी राज्याचा परवाना काढला, आणि सायकलस्वाराने तो काढावाच असे माझे मत आहे. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत बंदूक नेण्यावर १९९० च्या संघीय कायद्याने निर्बंध आहेत आणि त्या राज्याचा परवाना असलेल्या व्यक्तीला त्यातून सूट मिळते. मोटारचालक बंदूक रिकामी करून कुलुपाच्या पेटीत ठेवू शकतो, आमच्याकडे तशी पेटी नसते. शिवाय उपनगरांतील सायकलमार्ग शाळांना वळसे घालतच जातात, त्यामुळे घरापासून पाच मैलांची फेरी मारली तरी अशी दोन-तीन क्षेत्रे सहज ओलांडली जातात.

याहून रोजची अडचण दाराची आहे. टेक्सासमध्ये दुकानदाराने ‘३०.०६’ क्रमांकाची पाटी लावली असेल तर परवानाधारकालाही लपवलेले पिस्तूल घेऊन आत जाता येत नाही, आणि ज्या ठिकाणी निम्म्याहून अधिक उत्पन्न तेथेच प्यायल्या जाणाऱ्या मद्यातून येते तेथे ‘५१ टक्के’ची लाल पाटी असते व प्रवेशाचा प्रश्नच उरत नाही. मोटारीने आलेला माणूस शस्त्र गाडीत कुलूपबंद करून आत जातो. सायकलस्वाराने काय करावे? पिस्तूल सायकलला लटकावून कॉफी प्यायला जाणे हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. परिणामी पाणी कोठे भरायचे, शौचालय कोठे वापरायचे, खायला कोठे थांबायचे हे सगळे आधी ठरवावे लागते. पिस्तूल बाळगण्याची खरी किंमत वजनात नसून या आखणीत मोजावी लागते, हे कोणत्याही जाहिरातीत सांगितलेले नसते.

आता जागेविषयी. कमरेच्या आतील होल्स्टर बिब शॉर्ट्सवर टिकतच नाही, आणि वेगळा कडक पट्टा बांधून ते पाठीमागे ठेवले तर हँडलबारवर झुकताच जर्सी वर सरकते व मूठ सर्वांना दिसू लागते. पोटाच्या पुढच्या बाजूस ठेवल्यास प्रत्येक पॅडलला नळीचे टोक जांघेत रुतते. जर्सीच्या मागच्या खिशात पिस्तूल ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. तो खिसा केळ्यासाठी ठीक आहे. पिस्तुलाने तो लोंबतो, त्यात ट्रिगरला संरक्षण नसते आणि पाठीवर पडल्यास धातूचा तो तुकडा थेट मणक्यावर येतो. घोट्यावरील होल्स्टर मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा गरागरा फिरवण्याची कल्पना ज्याला सुचली तो बहुधा सायकलवर बसलेला नसावा. हँडलबारची बॅग सर्वांत सोयीची वाटते, पण अपघातात सायकल एकीकडे आणि आपण दुसरीकडे फेकले जातो, आणि तेवढ्या वेळात शस्त्र आपल्या ताब्यात राहत नाही. शस्त्र अंगावरच हवे, यावर तडजोड करू नये असे मला वाटते.

म्हणून उरते ती छाती. माझी बॅग चपटी असून तिचे पट्टे दोन्ही खांद्यांवरून येऊन पाठीवर जुळतात, त्यामुळे ती खालीवर उसळत नाही. मांडी वर आली तरी तिला लागत नाही आणि ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलबारच्या खाली वळलेल्या भागावर, हात नेले तरी हनुवटी अडत नाही. अर्थात त्यासाठी पट्टे बरेच लांब-आखूड करून पाहावे लागतात. चार बोटे खाली आली की प्रत्येक चढावर गुडघा आणि बॅग यांची भेट ठरलेली. पुढच्या कप्प्यात फोन आणि परवाने असतात. अंगाकडील कप्प्यात केवळ पिस्तूल असते, तेही ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक प्लास्टिकच्या होल्स्टरमध्ये, आणि त्या कप्प्यात किल्ली, जेलचे पाकीट, साधे कागदाचे चिटोरेही ठेवायचे नाही. हा नियम मी कधीच मोडत नाही.

पिस्तूल सिग साउअर पी-३६५ आहे. २०१८ मध्ये बाजारात आलेले हे नऊ मिलिमीटरचे छोटे पिस्तूल रिकामे असताना सुमारे ५०० ग्रॅमचे भरते व त्याच्या मूळ मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या कप्प्यात) दहा काडतुसे मावतात. मी अंगठ्याची सेफ्टी असलेला प्रकार घेतला. पाच काडतुसांचे, घोडा (मागचा हॅमर) झाकलेले छोटे रिव्हॉल्व्हर अशा बॅगेसाठी अधिक सुटसुटीत ठरू शकते, असे अनुभवी मंडळी सांगतात आणि त्यात तथ्य आहे. बॅग, पिस्तूल, होल्स्टर मिळून भरलेल्या मोठ्या पाण्याच्या बाटलीइतके वजन छातीवर येते. पहिल्या तासात ते जाणवत नाही, तिसऱ्या तासात मानेला जाणवते.

उन्हाळ्यात मात्र या बॅगेचा कस लागतो. येथे जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३८ अंश सेल्सियसच्या पुढे जातो. बॅगेच्या मागे जाळीदार अस्तर असूनही छातीचा मधला भाग कधी वाळत नाही, आणि हृदयगती मोजणारा पट्टा त्याखाली घासून त्वचा लाल होते. घामातील मीठ धातूला सोडत नाही. त्यामुळे घरी आल्यावर पिस्तूल रिकामे करून चेंबर (नळीतील काडतूस बसण्याची जागा) दोनदा पाहणे, कोरड्या फडक्याने पुसणे, हलके तेल लावणे आणि मॅगझिनमधील काडतुसे काढून वाळवणे हा आंघोळीआधीचा कार्यक्रम झाला आहे. बॅगेच्या धातूच्या चेनवर हिरवट थर आला असून ती आता एका जागी अडते. याच किमतीत प्लास्टिकची जाड चेन द्यायला हवी होती.

एकदा सैल खडीवर पुढचे चाक सरकून मी डाव्या कुशीवर पडलो. पिस्तूल जागचे हलले नाही, ट्रिगरवरील आवरण जसेच्या तसे राहिले, पण होल्स्टरच्या कडेने बरगडीवर उमटवलेला जांभळा पट्टा बरेच दिवस गेला नाही. तेव्हापासून कप्प्यात अंगाकडील बाजूला दाट फोमचा पातळ तुकडा घातला आहे. दुसरा विचार त्याहून गंभीर आहे. आपण बेशुद्ध पडलो तर बॅग उघडणारा पहिला माणूस रुग्णवाहिकेतला असेल किंवा वाटेवरचा कोणी मदतनीस. म्हणून सोबत येणाऱ्याला निघण्यापूर्वीच सांगून ठेवतो. पोलिसांनी ओळखपत्र मागितल्यास चालक परवान्यासोबत शस्त्र परवानाही दाखवणे टेक्सासमध्ये परवानाधारकाला बंधनकारक आहे, आणि दोन्ही परवाने पुढच्या कप्प्यात ठेवण्याचे कारण तेच, की ते काढताना हात पिस्तुलाच्या कप्प्याकडे जाऊ नये.

हे सगळे कशासाठी, असा प्रश्न घरातूनही विचारला गेला. माझ्या आवडीचा मार्ग फार्मर्सव्हिलपासून न्यू बॉस्टनपर्यंत सुमारे १३० मैल पसरलेला नॉर्थईस्ट टेक्सास ट्रेल आहे. जुन्या रेल्वेमार्गावरील या वाटेवर काही टप्प्यांत कित्येक मैल माणूस दिसत नाही, फोनला रेंज नसते, आणि शेतवस्तीजवळ मोकळी कुत्री अंगावर येतात. पण कुत्र्यांसाठी पिस्तूल हे उत्तर नव्हे. सार्वजनिक जागी किंवा रस्त्यावर गोळी झाडणे हाच मुळात गुन्हा असून, स्वसंरक्षणाचे कारण नंतर सिद्ध करत बसावे लागते. शिवाय धावत्या लहान लक्ष्यावर, दम लागलेल्या अवस्थेत, एक पाय जमिनीवर टेकवून नेम साधणे किती अवघड आहे हे समजण्यासाठी जोरकस फेरीनंतर थेट नेमबाजीच्या रेंजवर जावे. सात यार्डांवरचा कागदही हलतो आहे असे वाटते. चालत्या सायकलवरून तर हात बॅगेकडे नेऊही नये.

प्रत्यक्षात माझ्या उपयोगी पडला तो हँडलबारवर अडकवलेला तिखटाचा फवारा (पेपर स्प्रे). टेक्सासमध्ये स्वसंरक्षणासाठी विकल्या जाणाऱ्या त्याच्या छोट्या डबीला परवाना लागत नाही, आणि समोरून वारा नसेल तर दोन फवाऱ्यांत कुत्रे मागे वळते. बहुतेक वेळा सायकलवरून उतरून ती मध्ये धरणे व मोठ्याने ओरडणे एवढेच पुरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये सायकलस्वारांसाठी ‘वेलो-डॉग’ नावाचे खिशातले रिव्हॉल्व्हर निघाले होते, तेही कुत्र्यांपासून बचावासाठीच, आणि त्यासाठी तिखटाची भुकटी भरलेली काडतुसेही मिळत.

मोटारींपासून तर पिस्तूल कसलेच रक्षण करत नाही, आणि सायकलस्वाराचा मुख्य धोका तोच आहे. उलट शस्त्र जवळ असताना खिडकीतून शिवी देणाऱ्याकडे पाहायचेही नाही, हे पथ्य अधिक कडक होते, कारण कोणाला घाबरवण्यासाठी ते नुसते दाखवणे हाही गुन्हा ठरतो. म्हणून डॅलसच्या व्हाइट रॉक लेकभोवतीच्या गर्दीच्या फेरीला, गटासोबतच्या फेरीला आणि जेथे मध्येच खानपानाचा थांबा आहे अशा कोणत्याही फेरीला मी ती बॅग घेत नाही. एकट्याने किंवा एखाद्याच सोबत्यासह लांबच्या ट्रेलवर जाताना घेतो. पुढच्या उन्हाळ्यापूर्वी याच आकाराची, पण प्लास्टिकच्या चेनची आणि धुता येण्याजोग्या वेगळ्या अस्तराची बॅग मिळते का ते पाहणार आहे. तोपर्यंत अडणाऱ्या चेनला मेण चोळून काम भागते.