खुडूक पिंजरा, १,८५० रुपये : सहा महिने वापरून

खुडूक म्हणजे अंडी उबवायला हटून बसलेली कोंबडी, आणि तिची ती बैठक मोडायचा हा पिंजरा. आधी किंमत सांगते, कारण गिरणीत दळण घेऊन येणारी प्रत्येक बाई पिंजऱ्याकडे बोट करून पहिल्यांदा तेच विचारते. १,८५० रुपये. दोन हजार सांगितले होते, दीडशे मी तोडले. तयार मिळत नाही, बनवून घ्यावा लागतो. पारोळा रस्त्याला खिडक्यांचे ग्रिल आणि शेताची फाटकं करणारं एक दुकान आहे, तिथे केला. लांबी तीन फूट, रुंदी-उंची दोन-दोन फूट, पाय दीड फुटाचे. आणि तळाला पत्रा नाही, फळी नाही, नुसती जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) वेल्ड जाळी. हे दुकानवाल्या जिभाऊंच्या गळी उतरवायलाच अर्धा तास गेला. "ताई, खाली जाळी ठेवली तर कोंबडी निवांत बसेल कशी?" म्हटलं जिभाऊ, तिला निवांत बसू द्यायचं नाही, त्यासाठीच तर हा खर्च.

आमची पिठाची गिरणी आहे. दादर ज्वारी, बाजरी, गहू, कळण्याचं दळण. चाळणीखाली जे सांडतं, झाडलोटीत जे निघतं, त्यावर मागच्या वाड्यात आठ कोंबड्या पोसल्या जातात. पाच गावरान, दोन हॅचरीतल्या क्रॉस, आणि एक कडकनाथ, जी दिरांनी झाबुआकडून येताना आणली. कोंबडा होता, पण पहाटे साडेतीनला आरवायचा. शेजारच्यांनी हात जोडले, मग तो गेला. कुठे गेला ते विचारू नका.

तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ-दहा दिवस आधी आमची रंगी कोंबडी घमेल्यातून उठेना. जुन्या घमेल्यात भुसा टाकून अंड्यांची जागा केलेली आहे, त्यात पिसं फुलवून, मान खांद्यात घालून बसलेली. तुरा एरवी लालबुंद, तो फिका पडलेला. सकाळी बाजरी टाकली, आली नाही. संध्याकाळी टाकली, आली नाही. माझ्या पोटात गोळाच आला. माझं माहेर नवापूरकडचं. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे निघाला, तेव्हा पोल्ट्र्यांबरोबर गावातल्या घरोघरच्या कोंबड्याही नेल्या होत्या. पांढऱ्या झग्यातली माणसं आणि आईचं रिकामं खुराडं मी डोळ्यांनी पाहिलंय. २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. त्यामुळे कोंबडी जरा मलूल दिसली की मला दुसरं काही सुचतच नाही.

घाईघाईने जनावरांच्या औषधांच्या एका दुकानात गेले. त्या माणसाने कोंबडी पाहिली नाही, हगवण आहे का विचारलं नाही, श्वास कसा घेते विचारलं नाही. "सुस्त आहे ना? मग हे द्या." अँटिबायोटिकची पुडी आणि लिव्हर टॉनिकची बाटली, झाले ३८० रुपये. घरी येऊन चष्मा लावून पाकीट वाचलं, तर औषध चालू असताना आणि नंतर काही दिवस अंडी खायची नाहीत. आता बोला.

पुडी फोडायला घेतली तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी घमेल्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "तिले काईच व्हयेल नई. खुडुक बठेल शे ती. उचली पाह्य." मी पोटाखाली हात घातला. आधी लागली ती ऊब, अगदी तव्यावरून नुकत्या काढलेल्या भाकरीसारखी, आणि मग उघडी कातडी. छातीखालची पिसं तिने स्वतःच उपटून काढली होती. तेवढ्यात घशातून "कुर्रर्र" आणि मनगटावर अशी चोच बसली की दोन दिवस निळं होतं. जमिनीवर ठेवली तर पंख पसरून तशीच चपटी बसली. मिनिटभराने अंग झाडलं, उठली, बाजरीवर तुटून पडली, पाणी प्याली, राखेत लोळली, आणि एक असा मोठा, उग्र वासाचा ढीग टाकला की सासूबाईंनी पदर नाकाला लावला. "पाह्य, दिवसभरनं एकदाच." वीस मिनिटांत रंगी परत घमेल्यात.

आजारी कोंबडी यातलं काही करत नाही. उचलली तर भांडत नाही, खाली ठेवली तर जिथे ठेवली तिथेच डुलत उभी राहते, दाणे समोर असले तरी डोळे मिटते. हिरवट पातळ हगवण, तोंड उघडं टाकून श्वास, मान वाकडी होणं ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणं, त्यात पिंजरा नाही, डॉक्टर. पण पिसं फुलवणं, तुरा फिका पडणं, दाण्याला न येणं या तीन गोष्टी दोन्हींत सारख्याच, आणि लांबून पाहणारा याच तीन पाहतो. मीही पाहिल्या आणि ३८० रुपये घालवले. तुऱ्याची खूण आमच्या कडकनाथला तर मुळीच लागू नाही. तुरा काळा, तोंड काळं, ती फिकी पडली तर कळणार कसं? नशीब की ती जात फारशी खुडूक बसत नाही.

बसली आहे तर बसू द्यावी, रवण घालावी, म्हणजे खाली अंडी ठेवून पिल्लं काढावीत, असं कोणीही म्हणेल. पण कोंबडाच नाही, तर अंड्यांत जीव कुठला! आणि जीव असलेली अंडी उसनी आणून एकवीस दिवस बसवावं तर वैशाखात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. त्या उन्हात घमेल्यात बसलेली कोंबडी दिवसाला एकदा खाऊन वाळत जाते. गिरणीचा वजनकाटा हाताशी आहे म्हणून मी रंगीला तोलत होते. पहिल्या दिवशी १ किलो ४८० ग्रॅम, अकराव्या दिवशी १ किलो ३१०. खुडूक मोडायला सासूबाईंकडे त्यांच्या आईचा उपाय होता, नाकपुडीत पीस अडकवायचं. शेजारच्या मावशी म्हणाल्या थंड पाण्यात बुडवा. मला दोन्ही करवेना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी जाळीचा पिंजरा सांगितला. पोटाखाली ऊब राहिली की खुडूकपण टिकतं, जाळीतून खालून वारा लागला की उतरतं, एवढंच त्याचं तंत्र. आत दाणा-पाणी भरपूर, उजेड भरपूर, फक्त बसायला मऊ जागा नाही.

आता पिंजऱ्याचं खरं-खोटं.

काम करतो. रंगीने पहिली रात्र थयथयाट केला. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेऱ्या आणि अखंड "क्लक क्लक". तिसऱ्या दिवशी आवाज बदलला. चौथ्या संध्याकाळी दार उघडलं तर ती घमेल्याकडे न जाता बाकीच्यांबरोबर सरळ काठीवर चढली. बाराव्या दिवशी अंडं. त्यानंतर पावसाळ्यात आणखी दोघी बसल्या, त्या तीन-तीन दिवसांत सुटल्या. बसल्याबसल्या लगेच पकडली तर लवकर सुटते. आठवडा जाऊ दिला तर तेवढी जिद्द वाढते.

पण काम कच्चं आहे. जाळीची कापलेली टोकं आतल्या बाजूला तशीच. ग्राइंडर मारलाच नव्हता, माझंच बोट कापलं. परत नेला, मारून दिला, पैसे घेतले नाहीत, हे जिभाऊंच्या बाजूने. कडी तर अगदी खेळण्यातली. तिसऱ्या रात्री बोक्याने पंजाने सरकवली, रंगीच्या आरडाओरड्याने मी जागी झाले म्हणून वाचली. आता तार पिळून ठेवते. जाळी एक इंची घेतली ही चूक माझी. हिच्यात गावरानचं बोट अडकतं, अर्धा इंच रुंदीची घ्यायला हवी होती. ऑइल पेंट मारू नका असं बजावूनही पायांना हिरवा रंग लागलाच. आणि उन्हाळ्यात लोखंड तापतं हो. सावलीत ठेवून वर ओलं गोणपाट टाकलं नाही तर पिंजरा नव्हे, भट्टीच.

खाली ट्रे नाही, मी सिमेंटची रिकामी गोणी पसरते. पण त्या गोणीमुळेच मला भाद्रपदात शहाणपण आलं.

भुरी ही हॅचरीतली क्रॉस. रोज अंडं देणारी, वर्षभरात कधी खुडूक न बसलेली. तिथेच मला शंका यायला हवी होती, कारण अंड्यांसाठी काढलेल्या जातींतून खुडूक बसणं जवळजवळ घालवलेलंच असतं. पण हातात पिंजरा आला की प्रत्येक कोंबडी खुडूक दिसायला लागते. भुरी घमेल्यात जायची, बाहेर यायची, पुन्हा जायची. पिसं फुललेली. काट्यावर ठेवली, १ किलो ९२०, नेहमीइतकीच. म्हटलं बसली ही पण. उचलली तर निमूट हातात आली, ना कुर्र ना चोच. मला वाटलं, स्वभावाने गरीब. संध्याकाळी पिंजऱ्यात टाकली आणि झोपले.

सकाळी गोणीवर मोठा ढीग नव्हता. थोडी पांढरी, पातळ ओघळ, बस. भुरी कोपऱ्यात, शेपूट खाली पडलेली, पाय फाकवून उभी, आणि थांबून थांबून सगळं अंग मागे ढकलत होती. रात्रभर एक फेरी मारली नसावी, दाणे तसेच. खुडूक कोंबडी पिंजऱ्यात गप्प उभी राहात नाही, हे रंगीने मला शिकवलं होतं आणि मी विसरले होते.

गिरणी बंद ठेवून गोणपाटात गुंडाळून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी शेपटीखाली दोन बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, अंडं अडकलंय, आणि कवच नीट धरलेलं दिसत नाही. तेलाचं बोट लावून पाहिलं, कॅल्शियम दिलं आणि घरी कोमट पाण्यात पोटापर्यंत वीस मिनिटं बसवायला सांगितलं. मी दळणाच्या मोठ्या घमेल्यात बसवली. आधी फडफडली, मग ऊब लागल्यावर डोळे मिटून गप्प. दुसऱ्यांदा बसवलं तेव्हा दुपारी चारच्या सुमाराला अंडं आलं. अंडं कसलं, कवच नसलेली मऊ पिशवी. नुसता पिठाचा चारा खाऊन रोज अंडं देणाऱ्या कोंबडीला चुना येणार कुठून, असं डॉक्टर बोलले आणि ते मला लागलं, कारण खरं होतं. आता शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवते, ज्याला हवं तो खातो. भुरी वाचली, पण तिच्या अंड्याचं कवच अजून पापडासारखंच.

त्याच फेरीत लसीचंही विचारून घेतलं. मानमोडीची लस पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, डोळ्यात-नाकात थेंब, आणि आठव्या आठवड्याच्या सुमाराला आर-टू-बीचं इंजेक्शन. बाटली शंभर पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या सहा घरांनी मिळून एक बाटली आणायचं ठरवलंय. बर्फाचा डबा माझा.

पाचपैकी साडेतीन. अर्धा कडीचा कापला, अर्धा जाळीच्या टोकांचा, आणि अर्धा ट्रे नाही म्हणून. जिभाऊंना हे सगळं तोंडावर सांगितलंय. पुढच्याला अर्धा इंची जाळी, सरकता ट्रे आणि गाडीच्या हौद्याला असते तशी कडी लावून देतो म्हणाले, दोनशे जास्त पडतील. ग्राइंडर मारलाय का ते मात्र पैसे द्यायच्या आधी आतून हात फिरवून बघा.

प्रत्यक्ष पाहायचा असेल तर सध्या आमच्याकडे नाही. मागच्या गल्लीतल्या वैनी परवा घेऊन गेल्यात. मी विचारलं, उचलल्यावर चावली का? म्हणाल्या, हो, दोनदा. मग दिला.